नागपूरच्या छपाईकामासाठी कोरलड्रॉ, फोटोशॉप की इंकस्केप?

फ्लेक्स, लेबल, पत्रिका आणि दुकानांच्या पाट्या यांवर व्यवसाय उभा करू पाहणाऱ्या नागपुरातील नव्या डिझायनरने आधी व्हेक्टरचे, म्हणजे चित्र रेषांच्या मार्गांनी मांडणारे सॉफ्टवेअर (कोरलड्रॉ, इंकस्केप) घ्यावे आणि रास्टरचे, म्हणजे चित्र पिक्सेलच्या ठिपक्यांनी मांडणारे (फोटोशॉप) त्याच्या जोडीला ठेवावे, असे माझे मत आहे. बरेच जण फोटोशॉप हाताशी असते म्हणून सगळे त्यातच उरकतात आणि अडचण छपाईच्या दारात कळते.

संत्रा बर्फीच्या एखाद्या दुकानाचे काम घ्या. तेच बोधचिन्ह चार इंची डब्यावर, काचेच्या दारावरच्या रेडियमवर (कापून चिकटवायच्या रंगीत पट्टीवर) आणि दहा फूट बाय चार फुटांच्या बोर्डावर लागते. हा बोर्ड फोटोशॉपमध्ये ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) मांडला तर रुंदी ३६,००० पिक्सेल होते, आणि फोटोशॉपच्या नेहमीच्या पीएसडी फाइलला एका बाजूस ३०,००० पिक्सेलची मर्यादा असल्याने ती पीएसबी या मोठ्या फाइलच्या प्रकारात साठवावी लागते. अर्थात फ्लेक्स लांबूनच पाहिला जात असल्याने ७२ डीपीआय, म्हणजे ८,६४० बाय ३,४५६ पिक्सेल, सहसा पुरतात. मोठ्या फ्लेक्सला रास्टर चालतच नाही, हा समज म्हणूनच खरा नाही. खरी गाडी अडते ती रेडियमपाशी. कटिंग प्लॉटरचे पाते रेषेच्या मार्गावरून फिरते, त्याला पिक्सेलचे काही कळत नाही, आणि ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले जेपीजी आपोआप ट्रेस केले, म्हणजे सॉफ्टवेअरकडून त्याच्या रेषा काढून घेतल्या, तर अक्षरांच्या कडा खडबडीत निघतात. अशा वेळी ट्रेसच्या नादी न लागता जवळचा फॉन्ट शोधून अक्षरे नव्याने टाइप करणे कमी वेळाचे ठरते.

१९८९ साली बाजारात आलेल्या कोरलड्रॉची इथली मोठी जमेची बाजू म्हणजे छापणाऱ्याची ओळख: सीताबर्डी असो वा इतवारी, सीडीआर (कोरलड्रॉची) फाइल म्हटले की पुढे समजावून सांगावे लागत नाही. मात्र नव्या आवृत्तीची फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून साठवताना समोरच्याकडची आवृत्ती निवडावी आणि कंट्रोल-क्यू दाबून अक्षरे कर्व्ह करावीत, म्हणजे त्यांचे रेषांच्या आकारांत रूपांतर करावे. कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही. तान्हा पोळा आणि गणपतीच्या गर्दीत मजकूर वाचून घेण्याआधीच कर्व्ह करण्याची घाई होते, तेव्हा मूळ फाइल वेगळी ठेवलेली बरी.

देवनागरीची कसोटीही विसरू नये. कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड (आज संगणक-मोबाइलवर सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतातला) मजकूर टाकला की जोडाक्षरे सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाऊन बसते, म्हणूनच अनेक दुकानांत अजून युनिकोडपूर्व फॉन्ट चालतात. पण त्या जुन्या फॉन्टमधला मजकूर उचलून संकेतस्थळावर टाकला तर निरर्थक चिन्हे दिसतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत भारतीय लिपींसाठीची मांडणी सेटिंगमधून निवडून घ्यावी लागते, हे अनेकांना माहीत नसते.

२००३ साली सोडिपोडी या जुन्या व्हेक्टर सॉफ्टवेअरपासून वेगळे झालेले इंकस्केप मोफत आहे आणि युनिकोड मराठी त्यात विनासायास उमटते. मुक्तासारख्या फॉन्टमध्ये पाटीचा मजकूर नेटका बसतो. शिकण्यासाठी आणि रेडियमच्या कामासाठी मी ते बिनदिक्कत सुचवीन. उणीव एकच, पण मोठी: प्रचलित आवृत्त्यांतून निघणारी पीडीएफ आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांची असते. संत्र्याचा जो झळझळीत नारिंगी पडद्यावर दिसतो तो छपाईच्या चार रंगांच्या सीएमवायके शाईत तसा उतरतच नाही, आणि रंग कुठे फिका पडेल हे आधी पाहण्याची सोय नसेल तर डब्यांचा अख्खा लॉट निस्तेज छापला जाण्याचा धोका राहतो. सीडीआर फाइल त्यात उघडते, पण ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात मिसळत जाणाऱ्या छटा) आणि सावल्या जशाच्या तशा येतील असे धरून चालू नये.

बर्फीचा फोटो स्वच्छ करणे, पार्श्वभूमी काढणे, उजेड सावरणे यांत फोटोशॉपला तोड नाही. त्याच प्रकारचे गिम्प मोफत आहे आणि साध्या कामाला पुरते. अ‍ॅडोबीने २०१३ पासून वर्गणीचा मार्ग धरल्याने फोटोशॉपचा खर्च मात्र काम नसलेल्या महिन्यांतही चालू राहतो.

माझा सल्ला एका वर्गाला लागू नाही. ज्यांचे उत्पन्न मुख्यतः लग्नाच्या अल्बममधून येते, त्यांचे १२ बाय ३६ इंचांचे पान ३०० डीपीआयला १०,८०० बाय ३,६०० पिक्सेलचे होते आणि त्यावर फोटोच असतात. त्यांनी फोटोशॉपच घ्यावे, आणि मुखपृष्ठावरील नावे तेवढी व्हेक्टरमध्ये करून आणावीत.