कासवं बघायची तर वेळास की ऋषिकुल्या?

ताडोबा-पेंचमुळे आपल्याला एक खोड लागली आहे. कुणी फिरून आला की पहिला प्रश्न, "साइटिंग झाली का?", म्हणजे वाघ दिसला का. समुद्रावर जातानाही नागपूरकर हेच विचारणार, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या माद्या मोजक्याच येतात. पण त्यांनी घातलेली अंडी किनाऱ्यावरच जाळीच्या कुंपणात पुरून जपली जातात आणि साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी निघालेली पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये हे काम सुरू केलं, पुढे गावाने ते आपलं मानलं. आम्ही गेलो तेव्हा पहिल्या संध्याकाळी, अंडी पुरलेल्या जागेवर पालथ्या घातलेल्या टोपलीखाली नुसती वाळू. मुलगी रडायच्या बेतात. सकाळी तीच टोपली उचलली तर अकरा पिल्लं, काळपट, तळहातात मावतील एवढी. एक तर उलटं आमच्याकडेच चालत आलं! मुक्काम गावातल्या घरांत, गाद्या ओळीने टाकलेल्या. सावजीची आठवण काढू नका. आमच्या घरी जेवण शाकाहारी होतं, पण मोदक असे की तक्रार विसरलो.

ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यात ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी मामला वेगळा. तिथे पिल्लं नाही, माद्याच येतात, रात्री आणि लाखांनी. 2023 मध्ये हा आकडा सहा लाखांच्या वर गेला होता. मात्र तारीख कासवं ठरवतात. बहुधा फेब्रुवारी-मार्च, आणि एखाद्या वर्षी येतच नाहीत. टॉर्च, फ्लॅश बंद. वनखातं उभं करेल तिथूनच बघायचं. (ओडिशातलंच गहिरमाथा हे 1997 पासूनचं सागरी अभयारण्य, पण तिथल्या अंडी घालायच्या किनाऱ्यावर पर्यटकांना सोडत नाहीत.)

नागपूरहून प्रवास दोन्हीकडे लांबच. वेळासला आधी पुणे, मग ताम्हिणीमार्गे साधारण 200 किलोमीटर घाट-वळणं. लहान मुलांना उलट्या होतात, गोळी ठेवा. ऋषिकुल्येसाठी रायपूरमार्गे ब्रह्मपूर गाठायचं.

पोरं सोबत असतील तर वेळास, मला शंकाच नाही. एकटे असाल आणि बातमी कळताच बॅग उचलून निघता येत असेल तर ऋषिकुल्या. फक्त वेळासला दोन रात्री ठेवा. आमच्याबरोबरचं एक कुटुंब पहिल्याच संध्याकाळी, रिकामी टोपली बघून, पुण्याला परतलं.