"आज राजवाडा बंद आहे": बँकॉकमध्ये हे ऐकलंत तर सावध व्हा

बँकॉकला ग्रँड पॅलेस बघायला निघालेल्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते. रस्त्यात कोणी आपणहून येऊन "राजवाडा आज बंद आहे" म्हणालं, तर त्याचं ऐकायला थांबूच नका. राजवाडा रोज सकाळी ८.३० ला उघडतो, तिकिटं दुपारी ३.३० पर्यंत मिळतात. राजघराण्याच्या एखाद्या समारंभासाठी बंद असलाच, तर ते आधी जाहीर होतं. अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका, अशा पाट्याही तिथे आहेत. पण हे लोक तुम्हाला गाठतात ते पाट्यांच्या बरंच अलीकडे.

आम्हा दोघांना गाठणाऱ्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि बोलणं अतिशय आर्जवी. आत भिक्खूंचा विधी चालू आहे, परदेशी लोकांना एक वाजल्यानंतर सोडतील, म्हणाला. तोवर काय बघता येईल हे दाखवायला आमच्याच नकाशावर पेनाने दोन देवळांभोवती गोल केले, आणि मग एका रत्नांच्या दुकानाभोवती. सरकारची निर्यात योजना आहे, आज शेवटचा दिवस, एवढंच जाता जाता बोलला. टुकटुकही, म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा, त्यानेच थांबवली. सगळं फिरवून आणायचे २० बाट. एवढ्यात कुठल्याच टुकटुकवाल्याला परवडत नाही. त्याचे पैसे दुकान देतं: गिऱ्हाईक आणल्याबद्दल पेट्रोलचं कुपन आणि खरेदी झाली तर वर कमिशन.

खरी फसवणूक झाली ती दुकानात नव्हे, त्याआधीच्या देवळात. छोटंसं देऊळ, आत चिटपाखरू नाही, पायरीवर एक गृहस्थ बसलेले. शिक्षक आहे म्हणाले. इकडचं तिकडचं बोलता बोलता त्यांनी स्वतःच विषय काढला, की दरवर्षी याच योजनेत थोडे नीलम घेतो, लंडनला दुप्पट भावाने जातात, मुलीची फी त्यातूनच भरली. आम्ही त्यांना दुकानाबद्दल विचारलंसुद्धा नव्हतं. एकमेकांशी काही संबंध नसलेली दोन माणसं एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती खरी वाटू लागते. ही सगळी साखळी त्याच भरवशावर उभी आहे. रस्त्यातला, टुकटुकवाला, देवळातला, दुकानदार, सगळे एकमेकांना सामील असतात.

दुकानात पुढचं फार झटपट होतं. गार सरबत, मखमलीवर मांडलेले खडे, हातात भिंग, छापील प्रमाणपत्र. आमच्या कार्डावरून ३० हजार बाट गेले. खडे कुरिअरने घरी पाठवतो, असा आग्रह होता; म्हणजे बँकॉकमध्ये कोणाला दाखवायची सोयच राहू नये. आम्ही ते जवळच ठेवले आणि तपासून घेतले. खडे खोटे नव्हते, आणि यातली मेख तीच आहे. नीलम खरे, पण इतक्या हलक्या प्रतीचे की किंमत दिलेल्या पैशांच्या जवळपासही नाही. महाग विकलं म्हणून कोणावर गुन्हा लावणं सोपं नसतं.

थाई सरकारचं स्वतःचं रत्नांचं दुकान नाही, आणि "आज शेवटचा दिवस" असली योजनाही नाही. पर्यटकांना खरोखर परत मिळतो तो ७ टक्के व्हॅट. त्याची पाटी असलेल्या दुकानात एका दिवसात किमान २,००० बाटची खरेदी करायची, तिथेच फॉर्म भरून घ्यायचा आणि निघताना विमानतळावर दाखवायचा. खडे घ्यायचेच असतील तर बँकॉकमध्येच थायलंडच्या रत्न आणि दागिने संस्थेची प्रयोगशाळा आहे. पैसे देण्याआधी तिथे तपासून घेऊ, असं म्हणून बघा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर सरळ उठा.

आणि पैसे गेलेच असतील, तर लाजून गप्प बसू नका. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, इंग्रजीत बोलता येतं. पावती, प्रमाणपत्र आणि कार्डाची स्लिप घेऊन देश सोडण्याआधी जा. आम्ही तक्रार केल्यावर दुकानाने खडे परत घेतले आणि बरीच मोठी रक्कम कापून उरलेले पैसे दिले. बँकेने मात्र हात वर केले, कारण स्लिपवर सही आमचीच होती. त्यामुळे भारतात परतल्यावर बघू, असं म्हणू नका. हॉटेलवर पोचताच फोन लावा.