गंगापूर रोडवरील सामुदायिक सभागृह : वातानुकूलनाविना गारवा

नाशिकमधील गंगापूर रोडच्या एका वसाहतीने बांधलेले सामुदायिक सभागृह आम्ही मे महिन्यातील दुपारच्या व्याख्यानासाठी घेतले होते, आणि वातानुकूलन यंत्र नसतानाही श्रोते शेवटपर्यंत निवांत बसले, ही या वास्तूच्या रचनेला मिळालेली खरी पावती आहे. नाशिकला उन्हाळ्यात दिवसा पारा ४० अंशांच्या आसपास जातो, पण रात्री हवा बरीच निवते. रचनाकारांनी नेमका हाच फरक हेरला आहे. स्थानिक काळ्या पाषाणाच्या जाड भिंती दिवसाची उष्णता सावकाश शोषतात आणि रात्री उघडे ठेवलेले छतालगतचे झरोके ती बाहेर जाऊ देतात. पश्चिमेला खोल पडवी असल्याने उतरते ऊन आत शिरत नाही. आतल्या भिंती वीजकेंद्रात कोळसा जळून उरणाऱ्या राखेच्या विटांच्या आहेत. एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र जवळ असलेल्या शहरात ही निवड मला फार योग्य वाटते.

पाण्याची व्यवस्था मात्र निराश करते. १०० चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी मिळते, आणि इथे ते गाळणीशिवाय थेट कूपनलिकेत सोडले आहे, म्हणजे छतावरची घाणही भूजलात जाते. हे व्यवस्थापनाने पावसाळ्यापूर्वीच दुरुस्त करावे. प्रवेशाचा उतारही १:१२ (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) या प्रमाणापेक्षा तीव्र असून चाकाच्या खुर्चीला तो गैरसोयीचा आहे.

भाडे वाजवी आहे. उन्हाळ्यात आरक्षण करणाऱ्यांनी आदल्या रात्री झरोके उघडे ठेवण्यास आवर्जून सांगावे.