व्हॉट्सॲप बिझनेसचा ग्रीटिंग मेसेज: ‘राम राम’ला ‘नमस्कार’ पाठवणारी सोय

व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ साली आलं. ॲप फुकट आहे आणि आता पिठाच्या गिरणीपासून शिवणकामाच्या ताईंपर्यंत पुष्कळांच्या फोनात असतं. त्यातल्या ‘ग्रीटिंग मेसेज’ या एकाच सोयीचं हे परीक्षण. गिऱ्हाइकाने दुकानाला मेसेज केला की दुकानाच्या नावाने एक ठरलेला मजकूर आपोआप जातो, एवढंच तिचं काम. ते ती चोख करते. घोळ होतो तो मराठीत कुणाला काय म्हणायचं यावरून, आणि त्यातला निम्मा घोळ आपणच मजकूर लिहिताना घालतो.

चालू करायला दोन मिनिटं पुरतात. सेटिंग्ज, मग बिझनेस टूल्स, त्यात ग्रीटिंग मेसेज. बटण चालू करा, मजकूर बदला आणि तो कुणाला जावा ते निवडा. ही शेवटची निवड बहुतेक जण बघतही नाहीत, आणि मेख नेमकी तिथेच आहे. हा मजकूर पहिल्या मेसेजला तर जातोच, पण १४ दिवस काही बोलणं झालं नसेल तर पुन्हा जातो. महिन्याचं वाणसामान भरणारं गिऱ्हाईक महिन्यातून एकदाच यादी पाठवतं. दहा वर्षांची ओळख असलेल्या काकूंना दर महिन्याला ‘आमच्या दुकानात आपले स्वागत आहे’ वाचावं लागतं. दारातून आलेल्या ओळखीच्या माणसाला कुणी असं म्हणेल का? उपाय सोपा आहे. ‘सगळ्यांना’ हा पर्याय काढून ‘ॲड्रेस बुकमध्ये नसलेल्यांना’ हा निवडा आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नंबर सेव्ह करा.

आता मजकूर. ॲपमध्ये आधीपासून भरलेला मजकूर इंग्रजी वळणाचा असतो. तो भाषांतराच्या यंत्रातून काढला की असं काहीतरी हाती येतं: ‘प्रिय ग्राहक, आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद. आम्ही आपली कशी मदत करू शकतो?’ मराठी पत्रात ‘प्रिय’ जवळच्यांसाठी राखलेलं. वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’ आणि व्यवहारात सरळ ‘स.न.वि.वि.’ अशी आपली विभागणी होती. अनोळखी दुकानदाराचं ‘प्रिय’ म्हणूनच खटकतं. ‘आपली मदत’ तर उघड हिंदी आहे. मराठीत ‘तुम्हाला मदत’. आणि गिऱ्हाइकाने ‘थँक्यू’ लिहिल्यावर ‘आपले स्वागत आहे’ असं उत्तर ठेवलं असेल तर ते आजच काढा. आपण ‘असू द्या’ म्हणतो, नाहीतर ‘त्यात काय एवढं’.

‘आपण’ टाळावं असं आमचं स्पष्ट मत. हा शब्द आदरार्थी तुम्हीसाठीही येतो आणि तू-मी मिळूनही येतो. ‘माल आपण घरी पोहोचवू’ असं लिहिलं की पोहोचवणार कोण, हे गिऱ्हाइकाने ओळखायचं. ‘तुम्ही’मध्ये आदर पुरेसा आहे आणि एक फायदाही आहे: ‘तुम्ही कुठून बोलताय’, ‘तुम्हाला काय हवंय’ यांत समोर बाई आहे की पुरुष हे कळावं लागत नाही. ‘तू’ घेतलंत की ‘करतोस’ की ‘करतेस’ हा पेच आलाच. दुकानाच्या बाजूनेही ‘मी पाठवतो’ऐवजी ‘आम्ही पाठवतो’ लिहा. उत्तर द्यायला गल्ल्यावर कोणीही बसलेलं असो, चालतं. ‘सौ.’ आणि ‘श्रीमती’ आपोआप जाणाऱ्या मजकुरात नकोतच. ‘श्रीमती’ म्हणजे विधवा असा अर्थ अजून अनेक घरांत घेतात.

सगळ्यात मोठी उणीव अभिवादनाचीच आहे. मराठी मुलखात एक साधी रीत आहे: समोरचा जे म्हणेल तेच परत म्हणायचं. ‘राम राम’ला ‘राम राम’, ‘जय भीम’ला ‘जय भीम’. वारकऱ्याच्या ‘राम कृष्ण हरी’ला तेच, महानुभावांच्या ‘दंडवत प्रणाम’ला तेच, जैनांच्या ‘जय जिनेंद्र’ला, तुकडोजी महाराजांना मानणाऱ्यांच्या ‘जय गुरु’ला, गडचिरोली-चंद्रपूरकडे गोंडांच्या ‘जय सेवा’लाही तेच. ग्रीटिंग मेसेज आलेला मजकूर वाचत नाही. ‘जय भीम दादा, दुकान उघडं आहे का?’ याला ‘नमस्कार’ असं उत्तर गेलं की मुद्दाम टाळल्यासारखं दिसतं. मजकूर एका वेळी एकच ठेवता येतो, त्यामुळे यावर आतून इलाज नाही.

आमचा तोडगा असा: आपोआप जाणाऱ्या मजकुरात अभिवादन घालूच नका. ‘तुमचा मेसेज मिळाला. काय हवंय आणि किती, ते लिहून ठेवा. सकाळी ९ ते रात्री ८ या वेळात आम्ही उत्तर देतो.’ बस्स. अभिवादन माणसाने करावं, आणि त्यासाठी याच ॲपमधली ‘क्विक रिप्लाय’ ही सोय वापरावी. तिच्यात ५० पर्यंत उत्तरं साठवता येतात आणि / टाकून शॉर्टकट लिहिला की ठरलेलं उत्तर समोर येतं. प्रत्येक अभिवादनाचं एकेक उत्तर करून ठेवलं तरी आठ-दहात भागतं. शॉर्टकट लहान ठेवा, नाहीतर पूर्ण टाइप करणंच लवकर होतं.

गिऱ्हाइकाला हाक कशी मारायची हा वेगळा गुंता. ‘ताई’ आणि ‘दादा’ बहुतेक ठिकाणी निभतात. विदर्भ-खानदेशात ‘भाऊ’ जास्त आपलं वाटतं. ‘काकू’ लिहिताना जपून, चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे हमखास राग येतो. ‘बाई’ शाळेत आदराचं, इतरत्र कामवालीला मारलेली हाक. ‘दाजी’ हा बहिणीचा नवरा, त्यामुळे त्या हाकेत थट्टा आलीच. कोल्हापूरचं ‘भावा’, जळगावकडचं ‘भो’, नागपुरी ‘काय बे’, मालवणी ‘मेल्या’ ही सगळी सुरावर चालणारी संबोधनं. अक्षरांत सूर उतरत नाही, आणि ‘मेल्या’ तर नुसती शिवी होऊन बसते. दुकानाच्या मजकुरात यांतलं एकही नको. सगळ्यांना उद्देशून लिहायचं तर ‘ग्राहकांनो’, ‘मित्रांनो’. शेवटच्या ‘नो’वर अनुस्वार देऊ नका.

कुणाला काय म्हणायचं हे लक्षात ठेवायला लेबलं कामाला येतात. ॲपमध्ये २० लेबलं करता येतात. ‘नवीन ऑर्डर’, ‘पैसे बाकी’ यांच्या जोडीला ‘साहेब’, ‘ताई’, ‘माउली’ अशी तीन-चार केली की गल्ल्यावर बसलेल्या नव्या पोरालाही चॅट उघडताच अंदाज येतो. लेबल गिऱ्हाइकाला दिसत नाही. सेव्ह केलेल्या नावाचं मात्र तसं नाही. नंबर ‘शिंदेकाकू उधारी’ असा साठवलात आणि कुणाला तो कॉन्टॅक्ट पाठवलात, तर नाव तसंच्या तसं पुढे जातं. नाव साधं ठेवा, उधारी लेबलात.