नंबर टाकला की पत्ता येतो, तोही कुणाचाही

वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचं प्लगिन लावून घरगुती माल विकणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. ‘तुमचं चेकआउट (पत्ता आणि पैसे भरायचं पान) पर्सनलाइझ करून देतो’ असे फोन ज्यांना सध्या येत असतील, त्यांनी तर पैसे देण्याआधी नक्की वाचावं.

मी आणि माझी जाऊ कराडजवळच्या गावातून कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भाजणी असं विकतो. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं, थोडं बेंगळुरू-हैदराबादच्या मराठी घरांतलं. त्यात काकू-मावश्याच जास्त आणि त्यांची तक्रार ठरलेली: “अगं, दर वेळी पिनकोडपासून सगळं लिहायचं का? तुला माहितीये ना मी कुठे राहते?” तक्रार रास्तच होती. बहुतेक जणी खातं न उघडता ऑर्डर द्यायच्या, त्यामुळे आम्हाला ओळख असली तरी साइटला ती नव्हती.

ओळखीतून एक डेव्हलपर मिळाला. 35,000 रुपये सांगितले, निम्मे आधी. “मॅडम, तुमचं चेकआउट गिऱ्हाइकाला नावानं हाक मारेल. आपल्याकडे एआय आहे.” त्यासाठी ॲडमिनचा, म्हणजे साइटचा पूर्ण ताबा देणारा, पासवर्ड हवा होता आणि जुन्या ग्राहकांची एक्सेल फाइलही, ‘सिस्टीमला शिकवायला’. डेमो मात्र झकास झाला. मोबाईल नंबर टाकला की नाव, घर क्रमांक, गल्ली, पिनकोड, मागची ऑर्डर, सगळं झरझर भरून यायचं. वर ओळ: ‘नमस्कार काकू, या वेळीही मेतकूट?’ जाऊबाईंनी लगेच उरलेले पैसे द्यायला फोन हातात घेतला होता.

यात काय विकलं गेलं ते आधी सांगते, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. लॉगिन केलेल्या ग्राहकाचा जपून ठेवलेला पत्ता वूकॉमर्स चेकआउटवर स्वतःच भरतो. त्याला वेगळं काही लावावं लागत नाही. नाव घेऊन नमस्कार करायला कोडच्या दोन-चार ओळी पुरतात. एआय वगैरे त्यात कुठेच नव्हतं. म्हणजे फुकट मिळणारी सोय त्याने आम्हाला विकली. आणि जे त्याने खरोखर स्वतः बनवलं, ते मोबाईल नंबरवरून पत्ता आणणं, ते घातक होतं. त्यात ना लॉगिन होतं, ना ओटीपी. काकूंचा नंबर काकूंनी टाकला काय किंवा कुणा भामट्याने टाकला काय, पान पत्ता दाखवून मोकळं. यंत्राला लागोपाठ नंबर टाकायला सांगितले की आमचं अख्खं गिऱ्हाईक पत्त्यांसकट बाहेर.

पहिली शंका वेगळ्याच गोष्टीवरून आली. दादरच्या एका ताईंनी कळवलं की त्यांच्या चेकआउटवर नागपूरच्या कुणा बाईंचं नाव-पत्ता दिसतोय. डेव्हलपर म्हणाला, “ब्राउझरचा प्रॉब्लेम आहे, रिफ्रेश करा.” तो ब्राउझरचा प्रॉब्लेम नव्हता. साइट पळावी म्हणून त्याने चेकआउटचं पानसुद्धा कॅशमध्ये (तयार पानांच्या साठ्यात) टाकलं होतं, म्हणजे एकीसाठी तयार झालेलं पान जसंच्या तसं दुसरीला वाढलं जात होतं. कार्ट, चेकआउट आणि ‘माझं खातं’ ही पानं कधीच कॅश करायची नसतात. 2015 च्या नाताळात स्टीम या गेम विकणाऱ्या मोठ्या दुकानाचंही असंच झालं होतं. तिथे सुमारे 34,000 जणांची माहिती इतरांना दिसली असण्याची शक्यता कंपनीनेच मान्य केली. पण तो हल्ल्याच्या गडबडीत झालेला घोळ होता. इथे ठरवून काम केलं होतं आणि वर त्याचं बिलही लावलं होतं.

मग फोन सुरू झाले. आमच्याच दुकानाचं नाव सांगून कुणीतरी काकूंना म्हणायचं, “तुमच्या पार्सलचा पत्ता अपुरा आहे, लिंकवर दुरुस्त करा, 5 रुपये लागतील.” लिंक उघडली की हुबेहूब आमचं चेकआउट. वर नमस्कार, खाली बरोबर पत्ता, मागच्या ऑर्डरमधली भाजणीसुद्धा. एवढं बघितल्यावर संशय कोण घेणार? त्या पानावर फक्त कार्डाचे रकाने रिकामे असायचे. भारतात 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानांना कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, फार तर शेवटचे चार आकडे ठेवता येतात. त्यामुळे चोरांना कार्डाचा नंबर आमच्याकडून मिळालाच नव्हता. तो काकूंनी स्वतःच द्यावा, यासाठी हा सगळा आपुलकीचा थाट. ठाण्याच्या एका काकूंचे 48,000 रुपये गेले. ओटीपीच्या मेसेजमध्ये खरी रक्कम लिहिलेली होती, पण समोरच्या पानावर 5 रुपये दिसत असताना मेसेज पूर्ण वाचतं कोण. त्यांच्या मुलाने लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला म्हणून काही रक्कम पुढच्या खात्यात अडकवता आली. बाकीच्यासाठी बँकेचं एकच पालुपद: ओटीपी तुम्हीच टाकलात.

माहिती आमच्याच साइटवरून गेली हे कळलं एका खोट्या आजींमुळे. डेमोसाठी जाऊबाईंनी एक बनावट खातं केलं होतं: नाव ‘चाचणी आजी’, पत्ता आमच्या गोदामाचा, नंबर ड्रॉवरमध्ये पडून असलेल्या जुन्या फोनमधल्या सिमचा. त्या नंबरवर फोन आला, “चाचणी आजी बोलताय का?” ते सिम आम्ही दुसरीकडे कुठेच दिलेलं नव्हतं.

डेव्हलपरला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, “तुमचं होस्टिंग कच्चं आहे मॅडम. आणखी 15,000 मध्ये सिक्युरिटी लावून देतो.” हे वाक्य ज्यांना ऐकू येईल त्यांनी तिथेच फोन ठेवावा. मग इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांनी साइट उघडून पाहिली. वापरकर्त्यांच्या यादीत ‘सपोर्ट’ नावाचा एक ॲडमिन निघाला. आमच्यापैकी कुणी तो केलेला नव्हता. ग्राहकांची यादी डेव्हलपरनेच विकली, की त्याने उघड्या ठेवलेल्या वाटेने दुसऱ्या कुणी उचलली, हे आता पोलिसांच्या तपासात आहे. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली तेव्हा ॲडमिनची यादी, त्याचे मेसेज, बिल, खोट्या पानाचे स्क्रीनशॉट असं सगळं जोडलं. सरांनी एक बरं केलं, काही पुसण्याआधी पूर्ण साइटची प्रत काढून ठेवायला लावली.

आणखी एक गोष्ट आम्हाला तेव्हा कळली. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या 2023 च्या कायद्यात जबाबदारी दुकानाच्या मालकावर आहे. काम बाहेरच्या माणसाला दिलं म्हणून ती सुटत नाही, आणि माहितीची नीट काळजी घेतली नाही तर दंड 250 कोटींपर्यंत जाऊ शकतो. मसाला विकणाऱ्या दोन बायकांनी हा आकडा ऐकून काय करायचं!

आता पत्ता ओटीपी टाकल्यावरच दिसतो. काकू कुरकुरतात, कुरकुरू देत. नवं काम साइटच्या वेगळ्या प्रतीवर होतं, त्यात सगळे ग्राहक चाचणी आजींच्याच गोतावळ्यातले. बाहेरच्या माणसाला खरी यादी मिळत नाही, आणि त्याचं लॉगिन काम संपलं की त्याच दिवशी बंद होतं.

तुमच्याकडे कुणी असा डेमो घेऊन आला तर तो त्याच्या लॅपटॉपवर पाहू नका. स्वतःचा फोन घ्या, साइटमधून लॉगआउट व्हा आणि आधी कधीतरी तुमच्याकडून माल घेतलेल्या शेजारणीचा नंबर टाका. तिचा पत्ता दिसला तर उरलेले पैसे देऊ नका, आणि दिलेला पासवर्ड त्याच्यासमोरच बदला.