अकरा महिन्यांच्या वापरानंतर: सायक्लोन उत्तम, सांधा कच्चा

नवव्या महिन्यातील एका सकाळी जिन्याच्या पायऱ्या साफ करून झाल्यावर मी दांडा पुन्हा जोडला, बैठकीच्या खोलीतील गालिच्यावर बॅटरीवर चालणारे व्हॅक्यूम क्लीनरचे यंत्र फिरवायला घेतले आणि तिसऱ्या फेरीला ब्रशचा रोलर थांबला. मुख्य मोटरचा आवाज तसाच होता, हवाही तितक्याच जोराने खेचली जात होती, परंतु मांजरांच्या केसांचा पट्टा गालिच्यावर जसाच्या तसा राहिला. मूठ किंचित उजवीकडे दाबली तेव्हा रोलर फिरू लागला आणि हात सैल सोडताच पुन्हा थांबला. दुरुस्तीसाठी त्यानंतर दोन महिने जी खटपट करावी लागली, तिच्यामुळे हा अनुभव लिहीत आहे.

यंत्र नेहमीच्या ‘टू-इन-वन’ प्रकारातले आहे. मोटर, बॅटरी, सायक्लोन (हवा गरगर फिरवून तिच्यातली धूळ वेगळी करणारा भाग) आणि कचऱ्याचा डबा हे सर्व मुठीच्या भागात असते. त्याला लांब दांडा आणि फरशीचा ब्रश जोडला की उभ्याने झाडता येते आणि दांडा काढला की तोच भाग हातात धरून सोफा, गादी किंवा गाडीची आसने साफ करता येतात. बाकीची माहिती खोक्यावरही असते, म्हणून तिच्यात वेळ घालवत नाही.

सायक्लोनबद्दल माझ्या मनात सुरुवातीला शंका होती आणि ती पूर्णपणे दूर झाली, हे आधीच सांगितले पाहिजे. पिशवीच्या यंत्रात पिशवीची छिद्रे बुजत जातात आणि खेच कमी होत जाते. येथे हवा डब्यात कडेने शिरते, भोवऱ्यासारखी फिरते, जड कचरा भिंतीवर आपटून खाली बसतो आणि हलकी धूळ घेऊन हवा वरच्या लहान शंकूंमध्ये जाते. शंकू लहान ठेवण्यामागे साधे गणित आहे. धुळीच्या कणाला बाहेर फेकणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि त्रिज्या जितकी कमी तितके ते जास्त होते. हवेचा वेग सेकंदाला २० मीटर आणि त्रिज्या १ सेंटिमीटर धरली, तर हे बल गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४००० पट भरते. त्यामुळेच हातात धरून वापरताना यंत्र आडवे, तिरपे किंवा कपाटाच्या माथ्याकडे उलटे धरले तरी धूळ वेगळी होण्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो बटण सोडल्यावर. भोवरा थांबतो, गुरुत्वाकर्षणाचे राज्य पुन्हा सुरू होते आणि तोंड खाली असेल तर सैल कचरा नळीतून परत बाहेर येऊ शकतो. माझ्या यंत्रात आत येणाऱ्या वाटेवर रबराची पातळ झडप आहे, ती हवा थांबताच मिटते आणि अकरा महिन्यांत एकदाही कचरा मागे सांडलेला नाही. ही झडप ज्याने बसवली त्याने यंत्र स्वतःच्या हातात धरून वापरून पाहिले असावे, असे मला मनापासून वाटते.

डबा लहान आहे अशी तक्रार मी पहिल्या महिन्यात करत होते. ती आता मागे घेते. खुणेच्या रेषेच्या वर कचरा गेला की फिरणारी हवा त्याला पुन्हा उचलते आणि बारीक धूळ शंकूंमधून पुढे गाळणीपर्यंत पोहोचते. डबा मोठा असता तर मी तो आठवडाभर रिकामा केला नसता आणि गाळणी तितक्याच लवकर भरली असती. मांजरांचे केस मात्र डब्याच्या मधल्या जाळीभोवती लोकरीच्या गुंड्यासारखे आवळून बसतात आणि खालचे झाकण उघडले तरी पडत नाहीत, बोट घालून काढावे लागतात. पिळाच्या दिशेच्या उलट बोट फिरवले तर संपूर्ण गुंडा एकाच वेळी निघतो, हे कळायला मला चार महिने लागले. गाळणी महिन्यातून एकदा धुते आणि २४ तास वाळवते. ओलसर गाळणी बसवून यंत्र चालवण्याचा मोह टाळावा, कारण ओल्या गाळणीवर धुळीचा चिखल होऊन ती कायमची बुजते.

बॅटरीबद्दल थोडक्यात सांगते. तिच्यात लिथियम-आयनच्या सात घटांची माळ असून एकूण दाब २५.२ व्होल्ट आहे. नवीन असताना मंद गतीवर ३८ मिनिटे मिळत असत, आता ३३ मिळतात, आणि ही झीज मला वाजवी वाटते. काम संपल्यावर बॅटरी गरम असताना मी ती लगेच चार्जिंगला लावत नाही.

आता मूळ विषयाकडे येते. रोलर थांबू लागला तेव्हा मला वाटले की ब्रशमध्ये काही अडकले असावे. तो उघडला, धाग्यांची गुंतवळ कात्रीने कापली, दोन्ही टोकांची बेअरिंगे पुसली, परंतु काही उपयोग झाला नाही. या अनुभवाच्या पहिल्या मसुद्यात मी फरशीच्या ब्रशच्या मोटरला दोष दिला होता आणि सर्व्हिस सेंटरला फोन केला तेव्हाही तेच सांगितले होते. त्यांनी आधी गाळणी धुवायला सांगितली. सक्शन उत्तम आहे, फक्त रोलर फिरत नाही आणि रोलरचा गाळणीशी संबंध नाही, हे मी तीन निरनिराळ्या व्यक्तींना तीन वेळा सांगितले. शेवटी यंत्र नेण्यात आले आणि बारा दिवसांनी ‘तपासणीत कोणताही दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यासह परत आले. पहिल्याच दिवशी रोलर पुन्हा थांबला.

तेव्हा मी जे करून पाहिले ते पहिल्याच दिवशी करायला हवे होते. दांडा बाजूला ठेवला आणि फरशीचा ब्रश थेट मुठीच्या भागाला जोडला. वाकून पंधरा मिनिटे गालिचा साफ केला आणि रोलर एकदाही थांबला नाही. म्हणजे ब्रश चांगला, मुठीचा भाग चांगला आणि दोष मधल्या दांड्यात. सर्व्हिस सेंटरमधील तंत्रज्ञाशी बोलताना हेही कळले की त्यांनी तपासणी अशीच, टेबलावर आणि दांड्याशिवाय केली होती. ज्या भागात बिघाड होता तो भाग सोडून उरलेले यंत्र त्यांनी बारा दिवस तपासले.

दांड्याच्या वरच्या टोकाला, हवेच्या गोल वाटेखाली, दोन पितळी पिना आहेत. मुठीच्या भागात त्यांच्यासमोर दोन स्प्रिंगच्या पट्ट्या आहेत. बॅटरीतील वीज येथून दांड्यातील तारांवाटे खाली ब्रशच्या मोटरकडे जाते. बॅटरी काढून, चष्मा लावून आणि मोबाइलचा दिवा धरून मी त्या पिना पाहिल्या. उजवी पीन चकचकीत होती. डाव्या पिनेवरचा चंदेरी मुलामा नखाएवढ्या पट्ट्यात उडालेला होता, खालचे पितळ काळवंडले होते आणि तिच्या मुळाशी प्लॅस्टिकला चहाच्या रंगाचा डाग पडला होता. हा डाग उष्णतेचा आहे. ब्रशची मोटर साधारण दीड अँपिअर घेत असेल आणि काळवंडलेल्या पिनेने केवळ अर्ध्या ओहमचा अडथळा आणला, तर त्या एका ठिकाणी एक वॉटहून अधिक उष्णता तयार होते. एवढ्याशा धातूसाठी ती पुष्कळ आहे. विजेचा दाबही त्याच जागी कमी होतो आणि रोलर थांबतो.

मुलामा का उडाला, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटला. दांडा मुठीच्या भागात फक्त २८ मिलिमीटर आत जातो, हे मी पट्टीने मोजले. एवढ्या उथळ सांध्यात अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक असेल, तर ७० सेंटिमीटर लांबीच्या दांड्याचे खालचे टोक १२ मिलिमीटर डुलते. दांडा घट्ट धरून मूठ हलवली तर हे डुलणे उघड जाणवते. मोटर आणि बॅटरी दोन्ही वर असल्यामुळे यंत्राचे जवळपास सर्व वजन सांध्याच्या वर आहे आणि यंत्र पुढे-मागे ढकलताना प्रत्येक फेरीला ते वजन त्या २८ मिलिमीटरमध्ये उचकटते. पिना आणि पट्ट्या एकमेकींवर केसभर घासत राहतात, मुलामा झिजतो, उघड्या धातूवर काळा थर चढतो, तो विजेला अडवतो, उष्णता वाढते आणि उष्णतेने पट्टीची स्प्रिंग सैल होते.

यात जोडण्या-काढण्याची भर पडते. मी दिवसातून सरासरी तीनदा दांडा काढून जोडत होते, म्हणजे पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे ८०० वेळा. मोबाइलच्या यूएसबी टाइप-सी जोडणीकडून १०,००० वेळा खोचून काढण्याची अपेक्षा असते आणि जुन्या टाइप-ए जोडणीकडूनही १५०० वेळांची. अर्थात, त्या जोडण्यांवर दीड किलोचे यंत्र तोललेले नसते, त्यामुळे ही तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, हे मला मान्य आहे. पण म्हणूनच येथे वजन पेलणारा सांधा आणि वीज नेणारी जोडणी यांची कामे वेगळी ठेवायला हवी होती. सांध्याचे तोंड दुप्पट खोल केले असते तर डुलणे निम्मे झाले असते. पिना घट्ट न बसवता थोड्या तरंगत्या ठेवल्या असत्या तर सांधा हलला तरी त्या पट्टीबरोबरच हलल्या असत्या.

मला याची चीड येते, कारण सायक्लोनमागे किती कष्ट आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. लाकूड कापण्याच्या गिरणीतील भुसा गोळा करणाऱ्या मोठ्या शंकूवरून जेम्स डायसन यांनी १९७८ च्या सुमारास घरगुती यंत्राची कल्पना घेतली आणि ५१२७ नमुने बनवल्यानंतर ती साध्य केली. आज अनेक उत्पादक त्या श्रमांचा लाभ घेतात. माझ्या यंत्रातील सायक्लोनही त्या वारशाला शोभेल असा आहे. परंतु हे यंत्र हातातलेही आहे आणि उभेही आहे असे सांगून विकले जाते आणि ही दोन रूपे ज्या एका जागी एकमेकांत बदलतात, त्या जागेला कोणी एवढा वेळ दिलेला दिसत नाही.

ज्या प्रकारात हातातला लहान भाग उभ्या सांगाड्याच्या पोटात बसवलेला असतो, तो प्रकार मी खरेदीच्या वेळी जुनाट समजून नाकारला होता. आता माझे मत बदलले आहे. त्यात वजन खाली राहते, मनगटावर भार येत नाही, यंत्र भिंतीचा आधार न घेता उभे राहते आणि मुख्य म्हणजे ढकलण्याचा जोर सांगाड्यावर येतो, हातातल्या भागाच्या सांध्यावर येत नाही. त्याच्याही मर्यादा आहेत. पलंगाखाली ते आडवे शिरत नाही आणि लांब दांड्याने छताजवळची जळमटे काढता येत नाहीत. माझ्या घरी जळमटांपेक्षा गालिचे अधिक आहेत, हे मी खरेदीपूर्वी लक्षात घ्यायला हवे होते.

सर्व्हिस सेंटरला पिनांची छायाचित्रे पाठवल्यावर त्यांनी दोष मान्य केला, परंतु दांडा ‘जोडसाहित्य’ असल्याने त्याची वॉरंटी सहा महिन्यांचीच आहे आणि ती संपली आहे, असे कळवले. पिना सुट्या मिळत नाहीत, संपूर्ण दांडाच घ्यावा लागतो. मी लेखी विचारले की ज्याच्याशिवाय हे यंत्र उभे वापरताच येत नाही, तो भाग जोडसाहित्य कसा ठरतो. फटींत घालायचे अरुंद तोंड किंवा पडद्यांचा मऊ ब्रश हे जोडसाहित्य आहे, ते नसले तरी यंत्र चालते. या प्रश्नाचे उत्तर अद्याप आलेले नाही.

दरम्यान आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने मी पिना आणि पट्ट्या पुसल्या. काडीवर काळा थर आला आणि रोलर उत्तम चालू लागला. हा इलाज एकोणीस दिवस टिकला. पिना कानशीने घासण्याचा विचार मनात आला होता, पण उरलेला मुलामाही निघून गेला असता, म्हणून ते टाळले. दोन पिनांसाठी संपूर्ण दांडा विकत घेणे मला पटत नव्हते. काटकसर म्हणून मी जुना दांडा आणखी दोनदा पुसून वापरला. दुसऱ्या खेपेला प्लॅस्टिकचा डाग गडद झालेला दिसला, तेव्हा मात्र थांबले. विजेच्या जागी काटकसर करू नये एवढे मला समजते.

नवा दांडा येऊन सात आठवडे झाले आहेत. रोलर अखंड चालतो, गालिचा एका फेरीत स्वच्छ होतो आणि या काळात सायक्लोन, झडप किंवा गाळणी यांपैकी कशाबद्दलही तक्रार करायला जागा मिळालेली नाही. आता मी दांडा दिवसातून एकदाच काढते, हाताने करायची सर्व कामे एकत्र उरकते आणि यंत्र ढकलताना दुसरा हात सांध्याखाली दांड्यावर ठेवते. काल बॅटरी काढून, दिवा धरून नव्या पिना पाहिल्या. डाव्या पिनेच्या मुलाम्यावर एक फिकट घासलेली रेघ उमटली आहे.