गुस्ताव अडॉल्फसची जर्मन मोहीम टेबलावर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फस तीस वर्षांच्या युद्धात जर्मनीत उतरला, त्या मोहिमेवरच्या या युद्धखेळाच्या संचात १६३०-३२ च्या जर्मनीचा षटकोनी घरांचा नकाशा, ब्राइटेनफेल्ड आणि ल्युत्सेन या रणांगणांचे दोन तक्ते आणि ६ मिलिमीटरचे धातूचे सैनिक येतात. लढाया उत्तम जमल्या आहेत. पण पैसे खरे वसूल होतात ते मोहिमेच्या नकाशावर, आणि नेमका तोच भाग डब्यात पडून राहायची भीती आहे. तसं होऊ देऊ नका.

आधी सैनिकांबद्दल. स्वीडिश स्क्वाड्रन, म्हणजे पायदळाची मूळ तुकडी, कागदावर ५०४ जणांचं : २१६ भालाईत, १९२ बंदूकवाले आणि वर ९६ जादा बंदूकवाले. एका सैनिकामागे १२ माणसं धरली की १८, १६ आणि ८ असा हिशेब बिनचूक बसतो. हे ८ मात्र वेगळ्या पट्टीवर चिकटवा. सगळे ४२ एकत्र चिकटवले की स्वीडिश सैन्याचा जीवच गेला, कारण जादा बंदूकवाले घोडदळाच्या तुकड्यांमध्ये उभे करायचे असतात. ब्राइटेनफेल्डला शत्रूच्या, म्हणजे पवित्र रोमन सम्राटाच्या, घोडदळाचा सेनानी पापेनहाइम याने स्वीडिश उजव्या बगलेवर सात वेळा हल्ला चढवला. तो परतवला गेला तो या बंदुकांच्या एकत्र झाडलेल्या फैरी आणि त्यामागोमाग तलवारीने तुटून पडणारं घोडदळ यांच्या जोरावर. याची किंमतही नियमांत धरली आहे : बंदूकवाले सोबत असेपर्यंत घोडदळ पायदळाच्याच चालीने पुढे सरकतं. नवखा खेळाडू इथेच फसतो. बंदूकवाल्यांना मागे टाकून घोडदळ पळवतो आणि मग ती बगल उघडी पडते.

तोफांत मात्र संचाची ढोबळ चूक आहे. ब्राइटेनफेल्डच्या मांडणीत चामडी तोफा दिल्यात. तांब्याची पातळ नळी, वर दोर आणि चामडं अशी ती तोफ पोलंडच्या युद्धात वापरली, पण थोड्याच बारांत ती इतकी तापायची की पुढे भरणं धोक्याचं होई. जर्मनीतल्या लढायांत काम केलं ते तीन पौंडी गोळ्याच्या हलक्या धातूच्या तोफेने, जी एक घोडा किंवा मोजकी माणसं ओढू शकत. म्हणून चामडी तोफा डब्यातच ठेवा आणि प्रत्येक ब्रिगेडला (काही स्क्वाड्रन मिळून झालेल्या मोठ्या तुकडीला) हलक्या तोफा जोडा. त्या पायदळाबरोबर पुढे जातात. स्वीडिश तोफखान्याचा प्रमुख टॉर्स्टेन्सन याच्या हाताखालच्या जड तोफा जागच्या हलत नाहीत. हा फरक टेबलावर दिसला नाही तर सम्राटाचा सेनापती टिली याच्या पायदळाचे जाड चौकोन फुटतच नाहीत.

ब्राइटेनफेल्डमध्ये स्वीडनच्या मित्रांची, म्हणजे सॅक्सनांची, फळी बहुतेक डावांत पळते, आणि ते बरोबरच आहे. खरा प्रश्न त्यानंतरचा. डावीकडच्या स्वीडिश सेनानी हॉर्नला फळी काटकोनात वळवून टिलीला तोंड द्यावं लागतं, आणि त्यासाठी दुसऱ्या रांगेतल्या ब्रिगेड हाताशी लागतात. पहिल्या दोन फेऱ्यांत मोह होऊन ती रांग पुढे ढकलली असेल तर डाव संपला. मधल्या रिकाम्या जागेला घाबरू नका, दुसरी रांग राखीवच ठेवा.

आता मोहिमेचा नकाशा. इथे ओडर, एल्ब, माइन, लेख आणि डॅन्यूब या नद्या सैन्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. जुलै १६३० मध्ये उसेडोमला उतरताना राजाकडे सुमारे १३,००० माणसं. जानेवारी १६३१ च्या बेरवाल्ड तहाने फ्रान्सकडून वर्षाला ४,००,००० थालर (चांदीची नाणी) मिळतात, पण ३०,००० पायदळ आणि ६,००० घोडदळ उभं ठेवायच्या अटीवर. तेवढ्यात भागत नाही, म्हणून खंडणी आणि दाणावैरणीसाठी नवा मुलूख सतत लागतो. हे नियम किचकट वाटतील, पण राजा ब्राइटेनफेल्डनंतर व्हिएन्नाकडे न वळता माइन्झकडे का गेला याचं बरंचसं उत्तर त्यांतच आहे. १६३२ च्या उन्हाळ्यातला न्युरेंबर्गचा डाव तर आवर्जून खेळा. सम्राटाचा सेनापती वॉलेनस्टाइन झिर्नडॉर्फजवळ खंदकांच्या छावणीत बसून राहतो, लढाईला येतच नाही. दोन्ही छावण्यांत उपासमार आणि रोगराई सुरू होते, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला त्या छावणीतल्या आल्टे फेस्टे या टेकडीवरचा हल्ला फसला की स्वीडिश खेळाडूला उठून जावंच लागतं. आठ महिन्यांत सर्वांत जास्त शिकवलं ते या डावाने, तेही फारसे फासे न टाकता.

तारखांनी एकदा तरी घोळ होईलच. स्वीडिश बाजू जुनी दिनदर्शिका वापरत होती, सम्राटाची बाजू नवी. दोन्हींत दहा दिवसांचं अंतर. ब्राइटेनफेल्ड ७ सप्टेंबरही आहे आणि १७ सप्टेंबरही. घटनापत्रांवर दोन्ही मिसळल्यात, त्यामुळे मोहीम मांडण्याआधी पेन्सिलीने सगळ्या नव्या तारखा लिहून घ्या. नाहीतर ल्युत्सेनआधी हॅलेकडे गेलेला पापेनहाइम चुकीच्या फेरीत उगवतो. तो दुपारच्या सुमारास पोचला तो घोडदळ घेऊन. त्याचं पायदळ अंधार पडल्यावर आलं. ते दिवसाच्या फेरीत टेबलावर ठेवू नका.

ल्युत्सेनचं धुकं मात्र फार विचारपूर्वक बसवलंय. राजाची तुकडी धुक्यात शिरली की फासा टाकायचा. राजा पडला तरी डाव थांबत नाही; त्याचा सेनानी वायमारचा बर्नहार्ड सूत्रं हाती घेतो आणि स्वीडिश पायदळ दिवस मावळेपर्यंत पवनचक्क्यांजवळच्या तोफांवर चढाई करत राहतं.

टिकाऊपणाचं म्हणाल तर भाले मऊ धातूचे आहेत आणि हमखास वाकतात. बोटांनी हळूच सरळ करा. दुसऱ्यांदा वाकले तर कापून ताठ ब्रशचे केस चिकटवा. नकाशाचा पुठ्ठा पावसाळ्यात फुगून कडा वर येतात. तो उभा न ठेवता आडवा, वर वजन ठेवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावा.